‘आ’ करा म्हटल्यावर

दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर बसलं की पहिली आज्ञा सुटते ती ‘आ करा’ ही. समोर सात वर्षांची नात असो, तिची आई असो की सत्तरीतली आजी असो, काळजीने तपासणारा दंतवैद्य आधी एक छोटी पट्टी वरच्या आणि खालच्या समोरच्या दातांमध्ये उभी धरतो आणि आकडा टिपून घेतो. निरोगी प्रौढ माणसाचं तोंड साधारण ४० ते ५५ मिलिमीटर उघडतं. पुरुषांचं बायकांपेक्षा काही मिलिमीटर जास्त. गंमत अशी की शाळेत जायला लागलेल्या पोराचं तोंडही ४० मिलिमीटरच्या आसपास उघडतं, आणि सत्तरीतल्या निरोगी माणसाच्या आकड्यातून फार तर चार-सहा मिलिमीटर वजा झालेले असतात. म्हणजे नात, आई आणि आजी या तिघींची उंची, हाडं, स्नायू, दात यांत कशाचाच मेळ नाही, आणि पट्टीवरचा आकडा मात्र जवळपास तोच.

तरीही ‘आता वय झालं, तोंड कुठे पूर्वीसारखं उघडणार’ हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. वयानुसार बदलते ती जबड्याची चाल, त्याचा जोर आणि त्याची लय. तोंड उघडण्याची मर्यादा वय सहसा हिरावून घेत नाही. ती कमी झाली असेल तर त्यामागे काहीतरी वेगळं कारण असतं, आणि ते शोधावं लागतं.

जबडा उघडतो कसा हे आधी पाहू. कानाच्या आतली बारीक हाडं सोडली तर कवटीत हलणारं हाड एकच, खालचा जबडा. त्याला दोन्ही कानांसमोर एकेक सांधा आहे, आणि हाड एकसंध असल्यामुळे एका बाजूचा सांधा हलला की दुसऱ्याला हलावंच लागतं. असे कायमचे जोडीदाराच्या तालावर बांधलेले सांधे शरीरात फारसे नाहीत. तर्जनी कानाच्या भोकाच्या किंचित पुढे ठेवा आणि सावकाश तोंड उघडा. सुरुवातीला, साधारण २० ते २५ मिलिमीटरपर्यंत, जबड्याचं गोल टोक आपल्या जागीच फिरतं. त्यापुढे मात्र ते खोबणीतून बाहेर पडून पुढे आणि खाली सरकतं. बोटाखालची जागा पोकळ झाल्यासारखी वाटते ती त्यामुळे. हाडाचं टोक आणि कवटी यांच्या मधे एक लवचीक चकती असते, आणि टोक सरकेल तशी तीही सरकते. म्हणजे तोंड उघडण्यात दोन निरनिराळ्या हालचाली आहेत, आधी फिरणं आणि मग घसरणं. एखाद्याचं तोंड २५ मिलिमीटरवर अडकत असेल तर अनुभवी डॉक्टरला लगेच शंका येते की फिरणं ठीक चाललंय, घसरणं बंद पडलंय.

या हालचालींचा माग काढण्यासाठी माणसांनी बरेच उपद्व्याप केले. इंग्लंडमधले नॉर्मन बेनेट यांनी १९०८ साली स्वतःच्याच जबड्याला छोटे दिवे लावून त्यांच्या उजेडाच्या मदतीने जबड्याच्या वाटा आखल्या. बाजूला चावताना अख्खा जबडा त्या बाजूला किंचित सरकतो, त्या सरकण्याला आजही त्यांचंच नाव आहे. १९५२ साली स्वीडनच्या उल्फ पोसेल्ट यांनी समोरच्या खालच्या दाताचं टोक जास्तीत जास्त कुठवर जाऊ शकतं याच्या सीमारेषा काढल्या. जगभरातल्या दंतमहाविद्यालयांत पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं ती आकृती पाठ करतात. मात्र ती प्रौढ माणसाची आहे, हे सांगायला शिक्षक कधीकधी विसरतात.

कारण नवजात बाळाचा जबडा त्या आकृतीत बसत नाही. जन्मतः खालचा जबडा एक हाड नसतोच. हनुवटीच्या मध्यावर दोन अर्धुकं जोडलेली असतात आणि ती पहिल्या वर्षात एकजीव होतात. सांध्याची खोबण जवळपास सपाट असते. मोठ्यांमध्ये तिच्या पुढे जो हाडाचा उंचवटा असतो, ज्याच्या उतारावरून जबड्याचं टोक घसरतं, तो बाळाला नावापुरताच असतो. उतार नाही, दात नाहीत. त्यामुळे जबडा पुढे-मागे मोकळा सरकतो. बाळाला नेमकं तेच हवं असतं. दूध पिताना जीभ आणि जबडा एकत्र खाली जातात, तोंडात निर्वात पोकळी तयार होते आणि दूध ओढलं जातं. चावण्याचा इथे काहीच संबंध नाही. बाळाचा खालचा जबडा जरा मागे असतो, कानाखालचा त्याचा कोनही खूप पसरट असतो. ‘हनुवटी आत गेलीय का हो याची?’ असं विचारणाऱ्या आज्यांनी काळजी करू नये. बहुतेक बाळांची तशीच असते.

मग सहाव्या महिन्याच्या आगेमागे पहिला दात येतो आणि सांध्याचं खरं घडणं सुरू होतं. त्या हाडाच्या उंचवट्याने दोन-तीन वर्षांत आपली जवळपास निम्मी वाढ गाठलेली असते. हेच दुधाचे वीस दात येण्याचे दिवस. पुढची निम्मी वाढ मात्र रमतगमत होते, पार विशीपर्यंत. म्हणजे दात, खाणं आणि सांधा एकमेकांना घडवत वाढतात. वर्षाच्या बाळाच्या चावण्यात स्नायूंचा मूळ ताल उमटलेला असतो, कारण चावण्याची लय मेंदूच्या देठातून निघते, ती शिकवावी लागत नाही. शिकावं लागतं ते त्या लयीवर ताबा ठेवणं: घास किती मऊ आहे, किती वेळ चावायचा, जीभ दाताखाली सापडू न देता घास दाढेवर कसा ढकलायचा. ते शिकायला बरीच वर्षं लागतात. वरणभात बारीक करून वर्षानुवर्षं भरवत राहणाऱ्या पालकांनी हे लक्षात घ्यावं. दुधाच्या दाढा आल्या की पोळीचा तुकडा हातात द्यायला हरकत नाही.

मुलांच्या जबड्याबद्दलची एक समजूत आपल्याकडे पक्की आहे. रात्री झोपेत पोर कराकरा दात खायला लागलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘पोटात जंत झालेत.’ जंताचं औषध दिलं जातं, दात खाणं चालूच राहतं आणि काही वर्षांनी आपोआप कमी होतं. श्रेय मग औषधाच्या शेवटच्या डोसला. जंतांचा आणि दात खाण्याचा पक्का संबंध दाखवणारा पुरावा नाही. लहान वयात ही सवय पुष्कळ मुलांना असते आणि वय वाढेल तशी ती ओसरते. दुधाचे सुळे झिजून सपाट होतात, त्यामुळे पाच-सहा वर्षांच्या मुलाचा जबडा बाजूला आणि पुढे अडथळ्याशिवाय सरकू शकतो, आणि दात एकमेकांवर घासणं सोपं जातं. दुखणं नसेल आणि दात फार झिजत नसतील तर घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

घाबरायला हवं ते एका वेगळ्याच गोष्टीला, आणि तिच्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. मूल जिन्यावरून, झोपाळ्यावरून किंवा गच्चीच्या कठड्यावरून हनुवटीवर पडतं. हनुवटी फुटते, दोन टाके पडतात, जखम भरते, सगळे निर्धास्त होतात. पण हनुवटीवर बसलेला मार हाडातून सरळ वर कानाजवळच्या सांध्यात पोचतो. मोठ्या माणसात अशा वेळी सांध्याच्या टोकाखालची बारीक मान मोडते. लहान मुलात टोकाचं बाहेरचं कवच पातळ आणि आतला भाग रक्ताने भरलेला असल्यामुळे टोकच चुरडलं जाऊ शकतं. सांध्यात रक्त साचतं. दुखतं म्हणून मूल तोंड कमी उघडतं, मऊसर खातं, आणि घरच्यांना ते सोयीचंच वाटतं. काही आठवड्यांत त्या रक्ताच्या जागी हाड धरायला लागतं. पुढच्या काही महिन्यांत किंवा वर्षांत जबडा कवटीला चिकटून बसतो. तोंड पाच मिलिमीटर उघडतं, कधी अजिबात नाही. वाढीचं केंद्रच जखडल्यामुळे त्या बाजूचा जबडा वाढत नाही, हनुवटी वाकडी होते. दोन्ही बाजू जखडल्या तर चेहरा पक्ष्यासारखा निमुळता दिसू लागतो. अशी मुलं चेपलेल्या पोह्यांवर आणि पातळ वरणावर वाढतात, त्यांचे दात घासता येत नाहीत, झोपेत घोरतात, कधी श्वास अडकतो. उपचार मोठ्या शस्त्रक्रियेचा असतो आणि तिच्यानंतर कित्येक महिने तोंड उघडण्याचे व्यायाम करावे लागतात. ते टाळले तर हाड पुन्हा धरतं.

कानात पू होऊन तो सांध्यापर्यंत पसरला तरी असंच होऊ शकतं. जगात जिथे मुलांच्या अपघातांवर आणि कानाच्या संसर्गावर वेळेवर उपचार होतात तिथे जखडलेला जबडा क्वचितच दिसतो. भारतातल्या सरकारी दंतमहाविद्यालयांत अशी मुलं आजही येतात, आणि त्यांच्या कागदपत्रांवर बहुतेकदा एकच इतिहास असतो: लहानपणी पडला होता. म्हणून हनुवटीवर पडलेल्या मुलाच्या जखमेवर टाके घातल्यावर विसरून जाऊ नये. कानासमोर दुखतंय का, तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला झुकते का, दाढा पूर्वीसारख्या बसतात का, हे दंतवैद्याकडून पाहून घ्यावं. डॉक्टरने सांगितलं तर लवकरात लवकर जबडा हलवायला लावावा. हात मोडला की प्लास्टर घालून हलू देत नाहीत. इथे नेमकं उलटं आहे.

यापुढचा मोठा बदल बाराव्या वर्षाच्या आसपास होतो आणि तो कुणाच्याच लक्षात येत नाही. लहान मूल चावताना समोरून नीट बघा. ते जबडा खाली नेतानाच बाजूला फेकतं. मोठा माणूस जबडा बऱ्यापैकी सरळ खाली नेतो, मग बाजूला घेऊन तिरका वर आणतो. समोरून पाहिलं तर त्या वाटेचा आकार पाण्याच्या थेंबासारखा दिसतो. पहिली चाल दुसऱ्या चालीत बदलते ती कायमचे सुळे येतात त्या सुमारास. सुळे लांब, मुळं खोल. ते जबड्याला बाजूला फार भरकटू देत नाहीत. ज्यांचे समोरचे दात एकमेकांना टेकतच नाहीत, उदाहरणार्थ वर्षानुवर्षं अंगठा चोखल्यामुळे पुढे फट राहिलेल्या माणसांत, ही लहान मुलाची चाल मोठेपणीही टिकून राहू शकते. यावरून दिसतं की चावण्याची पद्धत नुसत्या वयाने बदलत नाही. त्या वयात जे दात येतात ते ती बदलतात.

याच वर्षांत जबडा झपाट्याने वाढतो, मुलींचा मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी. तो वाढतो मागच्या बाजूला, आणि हनुवटी पुढे आल्यासारखी दिसते. दाढांना जागा मिळते तीही मागे. जॉन हंटर यांनी हे १७७१ सालच्या आपल्या दातांवरच्या पुस्तकात सांगून ठेवलं आहे. खालचा जबडा मागे राहिलेल्या मुलांना याच वाढीच्या दिवसांत ‘ट्विन ब्लॉक’सारखं साधन देतात. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये ते प्रथम वापरलं. वर-खालच्या दोन प्लेटा असतात, आणि तोंड मिटायचं तर जबडा पुढे न्यावाच लागतो. हनुवटी पुढे आलेली दिसते, घरचे खूश होतात. त्यातला किती भाग हाड वाढल्याचा आणि किती नुसते दात कलल्याचा, यावर मात्र या शास्त्रातल्या लोकांत वाद आहेत. वाढ संपल्यावर त्याचा उपयोग फारसा होत नाही, यावर वाद नाही.

विशी-तिशीत जबड्याची तक्रार घेऊन येणारे रुग्ण सर्वांत जास्त, आणि त्यांत बायका जास्त. सांध्याची हाडं या वयात उत्तम असतात, आणि तरीही तक्रारी याच वयात का, हा प्रश्न योग्य आहे. बऱ्याचदा दोष चकतीचा आणि स्नायूंचा असतो. चकती टोकाच्या पुढे निसटलेली असते. तोंड उघडताना टोक तिच्याखाली परत घुसतं आणि ‘कट्’ असा आवाज येतो. दुखत नसेल, अडकत नसेल तर या आवाजावर काहीही करायची गरज नाही, हे इथे स्पष्ट लिहितो, कारण त्याच्या भीतीपोटी लोक उगाच जबडा हलवून हलवून आवाज येतो का ते तपासत बसतात आणि सांधा खरोखरच दुखवून घेतात. आवाज एक दिवस अचानक थांबला आणि त्याच दिवसापासून तोंड पंचवीस-तीस मिलिमीटरच्या पुढे उघडेना, तर मात्र गाठ डॉक्टरशी. चकती पुढे अडकून बसली आहे, आणि त्यावर जितक्या लवकर इलाज होईल तितका बरा.

स्नायूंचं कारण म्हणजे दात आवळणं. परीक्षा, नोकरी, लोकलची गर्दी, लहान मूल, काहीही निमित्त पुरतं. विश्रांतीत ओठ मिटलेले आणि दात सुटलेले असावेत, मधे दोन ते चार मिलिमीटर फट. दिवसाच्या चोवीस तासांत खाणं-गिळणं धरून दात एकमेकांना टेकायला हवेत ते जेमतेम वीस मिनिटं. तुम्ही हा लेख वाचताना दात चिकटून बसले असतील तर आताच सोडा. याच वयात अक्कलदाढही येते, तिच्यावरची हिरडी सुजते आणि तोंड उघडेनासं होतं. पण तो प्रकार दाढेचा बंदोबस्त केला की सुटतो.

चाळिशी-पन्नाशीनंतर सांध्यातून करकर आवाज यायला लागतो, एक्स-रेत हाडाचा पृष्ठभाग खडबडीत दिसतो. फोटो पाहून वाटतं, या माणसाला पापड तरी खाता येत असेल का? तो माणूस मजेत ज्वारीची भाकरी खात असतो. या सांध्यावरचं आवरण गुडघ्यातल्या कुर्चेहून वेगळं, जास्त तंतुमय असतं. ते झीज सोसून स्वतःला बदलत राहतं. वय वाढलं की जबड्याच्या दुखण्याच्या तक्रारी वाढत नाहीत, उलट कमीच होतात. गुडघेदुखीच्या अनुभवावरून जबड्याबद्दल अंदाज बांधणाऱ्यांना हे पटत नाही, पण आहे खरं. म्हणून नुसत्या एक्स-रेवर भरवसा ठेवून म्हातारपणी जबड्यावर उपचार सुरू करणारा डॉक्टर भेटला, तर दुसरं मत घ्यावं.

म्हातारपणी खरोखर बदलतं ते दुसरंच काही. चावण्याचे स्नायू बारीक होतात. फ्रेंच संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दात शाबूत असलेल्या २५ ते ७५ वर्षांच्या माणसांना तोच पदार्थ चावायला दिला, तेव्हा दर दहा वर्षांमागे साधारण तीन घाव जास्त लागतात असं दिसलं. पंचविशीतला नातू जो घास गिळून मोकळा झालेला असतो, त्यावर पंचाहत्तरीतले आजोबा आणखी पंधरा वेळा जबडा चालवत असतात. घास पूर्ण बारीक होतो. फक्त वेळ लागतो. तेव्हा त्यांना ‘लवकर जेवा’ म्हणण्यात अर्थ नाही, आणि घाईत घास न चावता गिळला तर ठसका लागण्याची भीती.

दात गेलेल्या माणसाची गोष्ट मात्र वेगळी. दात पडले की त्यांना धरून ठेवणारं हाड झिजू लागतं आणि ते कधीच थांबत नाही. कवळी लावणाऱ्यांचा पंचवीस वर्षं मागोवा घेऊन अँट्ये टालग्रेन यांनी १९७२ साली दाखवलं की खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा चौपट होते. खालची कवळी डुगडुगते आणि वरची बरी बसते, त्याचं हे एक कारण. खालच्या कवळीला टेकायला जागाच कमी आणि तिच्या मधे सतत वळवळणारी जीभ. दातांचा आधार गेल्याने मिटताना जबडा जास्त वर आणि पुढे फिरतो, हनुवटी नाकाकडे जाते. चित्रांतली म्हातारी अशीच काढतात. जुन्या शरीररचनेच्या पुस्तकांत लिहिलेलं असे की वृद्धपणी जबड्याचा कोन पुन्हा बाळासारखा पसरट होतो. पण ज्यांची हाडं पाहून ते लिहिलं गेलं त्यांचे दात गेलेले होते. ज्या आजोबांचे दात टिकले, त्यांच्या जबड्याचा आकारही बराचसा टिकतो. दात जाण्याचा दोष इथेही वयाच्या माथी मारला गेला होता.

कवळी करताना डॉक्टरची खरी कसोटी माप घेण्यात नसते, जबडा योग्य जागी मिटवून घेण्यात असते. वर्षानुवर्षं हिरड्यांनी खाणाऱ्या माणसाला जबडा पुढे काढायची सवय लागलेली असते. ‘दात मिटा’ म्हटलं की तो पुढे आणूनच मिटतो, आणि त्या मापावर कवळी बनली की तोंडात बसत नाही. मग जुने डॉक्टर युक्ती करतात: ‘आजी, जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावा, आणि मग हळूच मिटा.’ जीभ मागे गेली की जबड्यालाही मागे जावं लागतं. एवढं करूनही पूर्ण कवळीने चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढाच मिळतो. शिवाय हाड झिजत राहतं आणि कवळी आहे तशीच राहते, म्हणून काही वर्षांनी तिला आतून नवा थर द्यावा लागतो किंवा ती नवी करावी लागते. पंधरा वर्षांपूर्वीची कवळी ‘अजून चांगली आहे’ म्हणून वापरणारी मंडळी बहुतेक मऊ भातावर आलेली असतात.

उतारवयातल्या दोन-तीन गोष्टी थोडक्यात. जांभई देताना जबडा निखळून तोंड उघडंच राहण्याचा प्रकार या वयात सैल सांध्यांमुळे वाढतो. अंगठ्यांनी जबडा खाली दाबून मागे ढकलण्याचा उपाय इजिप्तमधल्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या पपायरसात नोंदलेला आहे आणि आजही तोच करतात. तेव्हा जांभई आली की चुटकी वाजवण्याऐवजी हनुवटीखाली मूठ धरलेली बरी. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखायला लागला आणि थांबल्यावर राहिला, तर ते दुखणं हृदयाचं असू शकतं, दंतवैद्याकडे जायच्या आधी ईसीजी काढावा. पन्नाशीनंतर चावताना जबडा दमून दुखू लागला आणि जोडीला कानशील दुखत असेल, तर रक्तवाहिन्यांच्या सुजेचा एक विकार असू शकतो, ज्यात वेळ गेला तर दृष्टी जाऊ शकते.

आता त्या रुग्णाबद्दल, ज्याच्यामुळे वयाचा सगळा हिशेब उलटा होतो. आजोबांचं तोंड चार सेंटीमीटर उघडतं आणि बावीस वर्षांच्या नातवाचं दोन. विदर्भातल्या कुठल्याही दंतवैद्याला विचारा, तो पुढचं न ऐकताच म्हणेल, ‘खर्रा.’ सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून पानठेल्यावर विकला जाणारा हा पदार्थ नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ भागात पोरांच्या खिशात असतो. इतरत्र मावा आहे, गुटखा आहे, पाकिटातली गोड सुपारी आहे. यांतला समान घटक सुपारी. सुपारीतलं अरेकोलीन गालाच्या आतल्या त्वचेखाली तंतू तयार करणाऱ्या पेशींना चेतवतं. सुपारीतलं तांबं त्या तंतूंना एकमेकांत घट्ट विणणाऱ्या रसायनाला बळ देतं. तंतू बनत राहतात, मोडत नाहीत. सांधा ठणठणीत, स्नायू तरुण. फक्त गाल आतून कडक दोरीसारखा झालेला, म्हणून तोंड उघडत नाही.

या आजाराचं वर्णन १९५२ साली पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांवरून श्वार्ट्झ यांनी केलं, आणि लगेच १९५३ मध्ये मुंबईत डॉ. जोशी यांनी त्याला सबम्युकस फायब्रोसिस हे नाव दिलं. सुरुवात तिखट झोंबण्याने होते. साधी मिसळ खाल्ली तरी तोंडात आग. मग गाल पांढुरके पडतात, शीळ वाजत नाही, फुगा फुगवता येत नाही, जीभ पूर्ण बाहेर येत नाही. पुष्कळ मुलांच्या पहिल्यांदा लक्षात येतं ते पाणीपुरीच्या गाडीवर: पुरी तोंडात जात नाही. केरळमधल्या एर्नाकुलम भागात अशा रुग्णांचा सतरा वर्षं पाठपुरावा केला गेला तेव्हा त्यांतल्या ७.६ टक्के लोकांना तोंडाचा कर्करोग झाला. तंबाखू नाही, ‘नुसती सुपारी’ खातो, हा बचाव इथे चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने खुद्द सुपारीच २००४ साली कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. बंदीचा परिणाम काय झाला ते कुठल्याही बसस्थानकाच्या कोपऱ्यातल्या भिंती सांगतात. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’सारखं व्यसनमुक्तीचं अभियान गावोगाव काम करतंय ते त्यामुळेच.

उपचार आहेत: गालात इंजेक्शनं, लाकडी चपट्या काड्यांची थप्पी दातांत धरून रोज एकेक काडी वाढवण्याचा व्यायाम, आणि हाताबाहेर गेलं तर तंतू कापण्याची शस्त्रक्रिया. पण सुपारी चालू ठेवून केलेला कुठलाही उपचार वाया जातो. आणि अशा माणसाला उद्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी भूल द्यायची वेळ आली, तर श्वासनलिकेत नळी घालायलाही तोंड पुरेसं उघडत नाही, याचा विचार पानठेल्यावर उभं असताना कुणी करत नाही.

तपासणी घरच्या घरी होते. तर्जनी, मधलं आणि अनामिका ही स्वतःची तीन बोटं एकमेकांना चिकटवून उभी समोरच्या दातांमध्ये घाला. तीन बोटं आरामात गेली तर ठीक. दोनच जात असतील तर वय कितीही असो, या आठवड्यात दंतवैद्याकडे जा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली सरकारी दंत महाविद्यालयं अगदी कमी खर्चात तपासतात. खर्रा, मावा किंवा सुपारी खाणारा कुणी घरात असेल तर ही तीन बोटांची परीक्षा त्याच्याकडून आजच करून घ्या. सुपारी सोडल्यावर आजार बहुधा आहे तिथेच थांबतो, पण गालात एकदा धरलेले तंतू आपोआप विरघळत नाहीत, आणि कर्करोगाचा धोका सोडल्यानंतरही उरतो. म्हणून अशा माणसाने दर सहा महिन्यांनी तोंड दाखवत राहायचं असतं.